श्रावणातली तंबाखू

आमचे भालकीचे घरमालक अप्पा माणूस म्हणून वाईट नव्हते, असं माझी बायको अजूनही म्हणते. मी म्हणत नाही. बाजारात अडत दुकान, अंगात पांढरेशुभ्र कपडे, रस्त्यात दिसलं की लांबूनच जोडलेले हात. ते गृहस्थ पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचे. मी ते गिळून होतो, कारण त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या आम्हाला सोडायच्या नव्हत्या.

आमच्यासारखे लोक घर शोधायला निघाले की आधी आडनाव विचारतात. माझ्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती केली, मी हुमनाबादच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. पण आडनाव अजून मेंढरांच्या मागेच चाललेलं असतं. कुणाकडे अचानक पाहुणे येणार असायचे, कुणाला खोल्यांना रंग द्यायचा असायचा. या अप्पांनी निदान तोंडावर सांगितलं, की घरात लिंगपूजा आहे, वर मांसमच्छी तर नाहीच, अंडंसुद्धा शिजता कामा नये. बायकोनं मला बोलायची संधी न देता होकार दिला. ती नर्स आहे. तिचा दवाखाना तिथून दोन गल्ल्या पलीकडे आणि मुलीची शाळा मागच्याच बाजूला. आधीच्या घरी मुलगी गळ्यात किल्ली अडकवून शेजाऱ्यांच्या पायरीवर बसून राहायची. इथं बायको दुपारी घरी येऊन तिला गरम जेवायला वाढू शकत होती. तेवढ्यासाठी ती काहीही सोसायला तयार होती.

आणि सोसतही होती. घरमालकीण अक्का सणासुदीला पुरणपोळ्या घेऊन वर यायच्या. बायकोनं ताट खाली धरायचं आणि अक्कांनी पोळी वरून सोडायची, त्यांच्या भांड्याला आमचं भांडं लागू नये म्हणून. बायको हसून ‘घ्या, चहा घ्या’ म्हणायची. त्या हसून नको म्हणायच्या. मुलगी तापातून उठली तेव्हा डॉक्टरांनी रोज एक अंडं द्यायला सांगितलं होतं. बायको दारंखिडक्या लावून ते उकडायची आणि टरफलं कागदात बांधून पर्समधून दवाखान्याकडे न्यायची. स्वतःच्या घरात चोरासारखं अंडं उकडायचं, याचा मला भयंकर संताप यायचा. ती म्हणायची, तुम्हाला काय जातंय, टरफलं मी नेते ना.

माझं एक व्यसन मात्र त्या घराला चालत होतं. आजोबा चिलीम ओढायचे; मी पाईप ओढतो. संध्याकाळी कामावरून आलं की गच्चीत खुर्ची टाकून बसायचं, एवढीच माझी चैन. तेव्हाची माझी तंबाखू गोडसर होती, आइस्क्रीमसारख्या वासाची. अक्का एकदा म्हणाल्यासुद्धा, की उदबत्तीसारखा वास येतो. आजोबांना खोकून खोकून मारणारी तंबाखू त्या घरात चालत होती, मुलीचं अंडं चालत नव्हतं.

कंपनीत हैदराबादचे एक सहकारी होते, तेही पाईपवाले. माझ्या गोड तंबाखूला ते बायकांची सुपारी म्हणायचे. श्रावणात ते गावाहून परतले तेव्हा त्यांनी एक चपटा डबा माझ्यासमोर ठेवला. लाकडाच्या धुरावर वाळवलेली पानं आहेत, म्हणाले, तुमच्याच्यानं होणार नाही. असं कुणी म्हटलं की माझ्याकडून ती गोष्ट झालीच म्हणून समजा.

तो सोमवार होता. संध्याकाळी गच्चीत डबा उघडला आणि मी क्षणभर तसाच थांबलो. आत काळी, तेलकट पानं होती, आणि वास ओळखीचा होता. लहानपणी घरी परसातल्या चुलीवर बकऱ्याची मुंडी भाजायला धरली की केस जळून जो करपट वास सुटायचा, थेट तोच. त्याच्याखाली आजोबांच्या धुरकटलेल्या घोंगड्याचा वास होता. मी पाईप दाबून भरला आणि पेटवला. पहिल्या झुरक्यालाच जीभ भाजली, दुसऱ्याला घसा पेटला, डोळ्यांतून पाणी आलं. खरं सांगायचं तर मला ती मुळीच आवडली नाही. पण उद्या कंपनीत सहकाऱ्यासमोर हार कशी मानायची म्हणून मी ओढत राहिलो, आणि धूर जिन्यातून खाली उतरत राहिला.

पाईप जेमतेम अर्धा झाला असेल तोच जिन्यावर पावलं वाजली. अप्पा वर आले. पूजेवरून उठून आले असावेत, कपाळभर विभूती होती. त्यांच्या मागं चार पायऱ्या खाली अक्का नाकाला पदर लावून उभ्या होत्या. मी उठून आत आलो. पाईप गच्चीतच खुर्चीखाली राहिला, डबा माझ्या हातात होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली.

“सर, वर काय शिजायलंय?” अप्पांनी विचारलं.

“रात्रीचं जेवण,” मी म्हणालो.

“आज श्रावणी सोमवार हाय. मुंडी भाजल्याचा वास आमच्या देवघरापोत्तर आलाय.”

हातातला डबा त्यांच्या नाकापुढं धरला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. बायको मला डोळ्यांनी तेच सांगत होती. पण माझं डोकं फिरलं होतं. यांनी आरोप करायचे आणि आम्ही लगेच पुरावे घेऊन उभं राहायचं, हे मला मंजूर नव्हतं. मी त्यांना विचारलं, की मुंडीचा वास तुमच्या इतका ओळखीचा कसा? मग मी म्हणालो, शंका असेल तर आत जाऊन बघा. हे मी टोमणा म्हणून बोललो होतो. मला वाटलं, माणसाला लाज वाटेल आणि तो मागं फिरेल.

अप्पांनी दाराशी चप्पल काढली, भिंतीला नीट जोडून ठेवली आणि ते आत गेले.

एकेक झाकण त्यांनी स्वतःच्या हातानं उचललं. टोपल्यातल्या ज्वारीच्या भाकरी पाहिल्या. पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या, भाजीचा वास घेतला, डाळीचा घेतला. कोपऱ्यातल्या लहान पातेल्यात बायकोच्या उपासाची भगर होती, कारण श्रावणी सोमवार आमच्याही घरात असतो आणि माझी बायको तो माझ्यापेक्षा कितीतरी कडक पाळते. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी होती आणि हे गृहस्थ तिच्या भगरीवर वाकून मटण शोधत होते. मुलगी आतल्या खोलीच्या दारातून बघत होती. आजही ते आठवलं की मला त्यांची मान धरून बाहेर काढावंसं वाटतं. तेव्हा मी काहीच केलं नाही, खिळल्यासारखा उभा राहिलो.

शेवटी बायको पुढं आली, तिनं माझ्या हातातून डबा घेतला आणि उघडून त्यांच्यापुढं धरला. अप्पांनी वास घेतला, परत घेतला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“तंबाखू व्हय,” ते म्हणाले. “मग आधी कामून सांगितलं न्हाई?”

जिन्यात अक्कांनी पदर खाली घेतला. अप्पा हसत गच्चीत आले आणि माझ्या खुर्चीत बसले. एक झुरका मारून बघू का म्हणाले. माझाच पाईप तोंडात धरून त्यांनी दोन झुरके ओढले, डोळे पुसेपर्यंत खोकले आणि माल भारी असल्याचं सांगितलं. ज्या घरातलं ताट अक्कांच्या भांड्याला लागलेलं चालत नव्हतं, त्या घरातला उष्टा पाईप अप्पांना चालला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका सर. आमाला ठाऊकच होतं, तुमी तसले न्हाईत.”

ते गेल्यावर मी आरडाओरडा केला. उद्याच्या उद्या हे घर सोडायचं म्हणालो, आणखीही बरंच बोललो. बायकोनं मला आणि मुलीला वाढलं. आमचं झाल्यावर अप्पांनी झाकणं उचललेली सगळी भांडी तिनं रिकामी केली आणि राख आणि काथ्या घेऊन घासायला बसली. साबण होता, तरी राखेनं घासली. भगर तिनं खाल्ली नाही.

“श्रावण संपू द्या,” ती म्हणाली. “मग एक मुंडी आणा. इथंच भाजू.”

मला वाटलं, रागात बोलली, विसरून जाईल. दुपारचं ते गरम जेवण सोडायला ती तयार होईल असं मला खरंच वाटत नव्हतं. मी आपल्या परीनं सूड उगवत होतो. ती तंबाखू मला सोसत नव्हती, जिभेला फोड आले होते, तरी रोज संध्याकाळी हट्टानं तीच ओढायचो आणि धूर मुद्दाम जिन्याकडे सोडायचो. पण त्या माणसाला सूडही कळत नव्हता. अप्पांना वास आवडायला लागला. ते अधूनमधून वर येऊन दोन झुरके मारून जायचे. अक्का म्हणाल्या, आता सवय झाली बघा. बायको त्यांच्याशी पूर्वीसारखीच हसून बोलायची.

श्रावण संपला. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी तिनं माझ्या हातात पिशवी दिली आणि बाजारात पाठवलं. मी विचारलं, नक्की ना? मुलीच्या दुपारचं काय? ती म्हणाली, “तिनं त्या दिवशी सगळं बघितलंय. आता हेबी बघू द्या.”

तिनं दार उघडं टाकलं, दोन्ही खिडक्या उघडल्या आणि गॅसच्या मोठ्या आचेवर मुंडी धरली. केस चरचरले, धूर झाला, वास जिन्यातून खाली गेला. मी कानांत प्राण आणून पावलांची वाट बघत उभा होतो. पावलं आलीच नाहीत. खालून अप्पांचा खुशीतला आवाज आला.

“सर, आज सकाळपासूनच लावलात व्हय? लई झकास वास येयलाय.”

मला हसू आवरेना. तोंडावर हात दाबून मी भिंतीला टेकलो. त्या डब्याच्या आडोशानं आम्ही तिथं वर्षानुवर्षं राहू शकलो असतो. रोज मुंडी भाजली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता, मुलीला दुपारी गरम जेवण मिळत राहिलं असतं. मी हे बायकोला खुणेनं सांगत होतो. ती हसली नाही. तिनं गॅस बारीक केला, मुंडी ताटात ठेवली, आणि ताट घेऊन जिन्यात गेली.

“अप्पा, तंबाखू न्हाई,” तिनं वरून सांगितलं. “मुंडी हाय.”

खालून देवघराची खिडकी लावल्याचा आवाज आला. बायको आत आली, दार तसंच उघडं ठेवलं आणि मुंडी पुन्हा आचेवर धरली. एका कानामागचे केस राहिले होते.