पाच बोटांचा बाजार

पोस्टाच्या खिडकीतून आधी त्याचा हात आत यायचा, मग तोंड दिसायचं. हाताची पाचही बोटं माझ्या नाकासमोर पसरलेली. मग तो अंगठा दुमडायचा. "हा समोरचा." पुढचं बोट. "हे कंपनी." मधलं. "हे गिऱ्हाईक." त्याच्या शेजारचं. "अन् हा उद्या येनारा. याचं तोंड अजून कोनी पाह्यलं नाई, पन हा येनार." करंगळीपाशी आला की तिला नुसतं हलवून सोडून द्यायचा. "हे म्हंजे रेडिओच्या बदल्यात लोकं जे आयकते ते. भजन, तमाशा, फोनोच्या तबकड्या. हिचं एवढं कायी नाई." मग वळलेली मूठ खिडकीच्या लाकडावर आपटायचा. "पाच जन माह्या ताटात हात घालून राह्यले, बाबूजी. बजार वाचाव लागते!"

त्याच्या मागे मनीऑर्डर करायला आलेली माणसं पाय बदलत उभी असायची. त्यांचा बाजार खोळंबलेला असायचा.

असा माणूस तुमच्याही गावात असणार. याला दुकान चालवण्यापेक्षा दुकान कसं चालतं हे सांगण्यात जास्त गोडी. मी नेरच्या पोस्टात कारकून होतो आणि हा आमच्यासमोरच्या रस्त्यावरचा रेडिओवाला. पूर्वी हा एका अडत्याच्या गादीखाली बसून कापसाच्या गाड्या मोजायचा. तिथे शेठ लोकांची बोलणी ऐकून ऐकून त्याला आपल्यालाही बाजारातलं कळतं असा भास झाला आणि तो भास पुढे कधी गेलाच नाही. कुठूनतरी एका कंपनीची एजन्सी मिळवली, घराच्याच पुढच्या खोलीत दुकान काढून त्यावर निळ्या रंगाची पत्र्याची पाटी ठोकली आणि त्या दिवसापासून हा गादीखालचा माणूस गादीवरच्यासारखा बोलू लागला. पाटी रोज सकाळी स्वतः पुसायचा. एजन्सी दरवर्षी नव्याने मिळायची. ती गेली तर पुन्हा अडत्याकडे गाड्या मोजायला जावं लागणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. त्यामुळे त्याच्या सगळ्या ज्ञानाला एक घामाचा वास यायचा.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा सायकलवाला. त्याने अर्ध्या दुकानात सायकली ठेवल्या आणि अर्ध्यात दुसऱ्या कंपनीचे रेडिओ मांडले. तो फारसं बोलत नसे. पंक्चर काढता काढता रेडिओ विकायचा. आमच्या गृहस्थाला याचाच जास्त संताप. "त्याले बजार समजत नाई, तरी विकून राह्यला," असं तो तक्रारीच्या सुरात मला सांगायचा, जणू मी त्याच्यावर खटला भरणार होतो.

रेडिओ कुठूनही घेतला तरी त्याचा परवाना काढायला माणसाला माझ्याच खिडकीत यावं लागे. हे त्याने ओळखलं आणि माझ्या नोकरीचं वाटोळं सुरू झालं. रोज दुपारी प्रश्न ठरलेला. "आज समोरच्याचे किती लायसन फाटले?"

"सरकारी बाब आहे, शेठ."

"बरं बरं. सांगू नोका. तुमी हासले म्हंजे एक बी नाई."

माझ्या चेहऱ्यावरून तो समोरच्याची विक्री काढायचा. एकदा माझी दाढ दुखत होती. गाल सुजलेला, कपाळाला आठ्या. हा खिडकीत आला, माझ्याकडे पाहिलं आणि तसाच परत गेला. त्याने असा हिशोब मांडला की समोरच्याने फार सेट विकले, परवाने लिहून लिहून बाबू वैतागला. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाला रंग द्यायला घेतला. माझी दाढ काढली त्या दिवशी मी जरा हसलो असेन, तर त्याने रंगाऱ्याला अर्ध्यातून घरी पाठवलं. दुकानाची एक भिंत हिरवी आणि एक चुन्याचीच, अशी ती पुढे कायम राहिली.

मग भोंग्याचं प्रकरण झालं. समोरच्याने दिवाळीत दारावर भोंगा लावला. दुसऱ्याच दिवशी याने त्याहून मोठा लावला. समोरच्याने आवाज वाढवला, याने भोंग्याचं तोंडच रस्त्यापलीकडे फिरवलं. दोघांकडे लागायचं ते एकच, नागपूरचं केंद्र. संध्याकाळी कापसाचे भाव सुरू झाले की तेच भाव डावीकडूनही यायचे आणि उजवीकडूनही. बातम्या देणारा एकच माणूस दोन भोंग्यांतून एकमेकांवर ओरडतोय असं वाटायचं. माझ्या कानांना जे दडे बसले ते बदली झाली तरी सुटले नाहीत.

लोक मात्र खूश. आसपासच्या खेड्यांतून सरकी-पेंड घ्यायला आलेले, एसटीची वाट पाहणारे, बाजार उरकलेले, सगळे संध्याकाळी रस्त्यात. समोरच्याने पुढारी, मास्तर आणि सावकारांसाठी एक बाक टाकला. हे पाहून आमच्या गृहस्थाने पाच बोटांचा विचार केला आणि सबंध ओट्यावर सतरंजी अंथरली. ज्याला यायचं त्याने यावं. माठही ठेवला, पाण्याला येईल त्याने स्वतःच्या हाताने घ्यावं. गर्दी जास्त दिसली पाहिजे, एवढाच त्यातला अर्थ.

त्या सतरंजीवर पहिल्या दिवशी पुढे येऊन बसली कौतिकाबाई. बसस्टँडवर मुरमुरे-फुटाणे विकायची. तिच्या वस्तीने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि गावातली बरीच मंडळी तेव्हा वस्तीतल्या माणसांकडून फुटाणे घ्यायलासुद्धा काचकूच करत होती. ती माठातलं पाणी प्यायली आणि टोपलं बाजूला ठेवून रेडिओच्या अगदी तोंडाशी बसली. दोघातिघांनी नाकं मुरडली. एकाने दुकानदाराला बाजूला घेऊन सांगितलं. त्यावर हा म्हणाला, "मले डोकी मोजू द्या ना. तुमची जात मोजाले मी बसलो नाई."

लगेच त्याला समाजसुधारक करू नका. मी तिथे होतो. त्याचं सगळं लक्ष समोरच्या बाकावर किती जण बसले त्याकडे होतं. तरीपण सतरंजी त्याने गुंडाळली नाही, हे सांगायला हवं. नाक मुरडणारे रस्त्यात उभे राहून ऐकू लागले. भोंगा मोठा होता, त्यांना जवळ यायची गरज नव्हती.

वर्ष सरत आलं तशी माझ्या खिडकीत एक गंमत दिसू लागली. खेड्यापाड्यातले लोक बॅटरीवरच्या सेटचे परवाने काढायला येत होते. नेरमधून कोणी येईना. बाजारपेठेतून तर कोणीच नाही. कशाला येईल? दोन दुकानं फुकट ऐकवतायत, एक पाणी पाजतंय. एके दिवशी त्याची बोटं आत आली तेव्हा मी करंगळी धरली आणि म्हटलं, "शेठ, हिचं एवढं काही नाही म्हणता ना? रेडिओच्या बदल्यात लोक जे ऐकतात ते भजन नाही आणि फोनो नाही. ते तुमचा भोंगा ऐकतात. तुमचं गिऱ्हाईक तुम्हीच खाताय."

मला वाटलं होतं तो चिडेल. तो शांतपणे हात सोडवून घेत म्हणाला, "मले मालूम हाय."

"मग बंद करा."

"मी बंद केला तं त्याचा एकट्याचा वाजन. लोकं तिकडं जाईन. कंपनीचा सायेब येईन तवा माहा ओटा सुना दिसन."

"मग त्याला जाऊन सांगा, दोघंही बंद करू."

"त्याच्या दुकानाची पायरी मी चढू?" तो म्हणाला. रस्ता ओलांडून पलीकडे जायचं म्हणजे त्याला विलायतेला जाण्याइतकं अवघड वाटत होतं. बाजार वाचणारा हा विद्वान, आणि त्याला शेजाऱ्याशी दोन शब्द बोलता येत नव्हते! मी कपाळाला हात लावला.

कंपनीचा साहेब आला तो बाजारच्या दिवशी. आमच्या गृहस्थाने तीन वेळा पाटी पुसली, नवं धोतर नेसला, टोपीला नीळ दिली. कौतिकाबाईला सांगून वस्तीतली सगळी माणसं बोलावली. आणि दैव असं की त्या संध्याकाळी समोरचा भोंगा वाजलाच नाही. बाकावरची मंडळीसुद्धा उठून इकडे आली. ओट्यावर, पायऱ्यांवर, रस्त्यात, जिकडे तिकडे माणसं. मी पोस्टाच्या दारातून पाहत होतो. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला त्याची कीव आली. त्याने साहेबासमोर हात पसरला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.

साहेब नागपूरचा, तरुण, घाईतला. त्याने तर्जनीपर्यंतही ऐकून घेतलं नाही. गर्दीकडे वळून विचारलं, "यांच्यापैकी आपला सेट कोणाकोणाकडे आहे?"

एकही हात वर झाला नाही. मग पुढून कौतिकाबाई मोठ्या अभिमानाने म्हणाली, "आमाले घरी कायले पाह्यजे, सायेब? हा आमचाच तं हाये. रोज आयकतो आमी. लय चांगला मानूस हाये हा, याले कायी म्हनू नोका."

तिला त्याची बाजू घ्यायची होती. लोकांनीही माना डोलावल्या. साहेब हसला, बॅग उचलली आणि रस्ता ओलांडून गेला. समोरच्या दुकानात तेव्हा उजेडात एक खेडूत नवरा-बायको शांतपणे सेटची बटणं फिरवून पाहत होते. दारावरचा भोंगा बंद असल्यामुळे त्यांना, कान सेटला लावून का होईना, सेटचा आवाज ऐकू येत होता.

पुढच्या आठवड्यात निळी पाटी रस्त्यापलीकडे गेली. पंक्चर काढणाऱ्याने एजन्सी नेली. त्याने आपला भोंगा काढला आणि माळ्यावर टाकला. कोणीतरी विचारलं तर म्हणाला, "आता कोनासाठी वाजवू?" बाकही उचलून आत नेला. माझ्या कानांना मोठा आराम मिळाला. दोन दिवस मी त्या शांततेचं फार कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कापसाच्या भावाच्या वेळेला लोक सवयीने आले आणि रस्त्यात नुसते उभे राहिले. कौतिकाबाई आमच्या गृहस्थाच्या बंद दुकानाच्या ओट्यावर टोपलं घेऊन बसली होती. तिच्याशेजारी कोणी नव्हतं. ज्या दोघांच्या भांडणाला मी मूर्खपणा म्हणत होतो त्याच्यावरच सगळं गाव फुकट ऐकत होतं, हे मला तेव्हा नीट दिसलं. मला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी नाही. त्याच्यासाठी वाईट वाटून घ्यायची मला अजून सवय नव्हती.

तो पुन्हा अडत्याकडे कामाला लागला. पोस्टात यायचा बंद झाला. मग एका दुपारी खिडकीतून हात आत आला. पाचही बोटं पसरलेली. मी सवयीने मान मागे घेतली. पण त्याला फक्त टाक हवा होता.

दुकानात दाखवायला ठेवलेला एक जुना सेट त्याच्याकडे राहिला होता. त्याचा परवाना काढायचा होता.

"दुकानाचा की घरगुती?" मी विचारलं.

"आता कुठचं दुकान, बाबूजी? घरगुती लिवा."

"ठेवणार कुठे?"

"ओट्यावर."

घरगुती परवान्यावर रस्त्यातल्या लोकांना ऐकवता येत नाही. हा नियम त्याला माहीत होता, परवान्यांचे सगळे नियम त्याला तोंडपाठ होते. मी वर पाहिलं. तो माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते वाचत होता. मी 'घरगुती' लिहून शिक्का मारला.

त्या संध्याकाळी अडत्याकडून आल्यावर त्याने सतरंजी अंथरली. भोंगा केव्हाच विकला होता. सेटचा स्वतःचा आवाज तेवढा, चार हातांवर ऐकू येईल एवढा. रस्त्यात उभ्या राहणाऱ्यांना काही कळेना. कापसाचे भाव सुरू झाले तसे ते एकेक पायरी वर आले. ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांतला एक जण कौतिकाबाईच्या मागे येऊन बसला, मग दुसरा. मी गेलो तेव्हा हा माठाशी बसला होता. मी विचारलं, "शेठ, आता हे कोणाच्या विरुद्ध?"

"कायचं विरुद्ध?" तो म्हणाला. "बसा. बातम्या होऊन राह्यल्या."

ती सतरंजी बरीच वर्षं टिकली. पुढे खांद्यावर अडकवायचे ट्रान्झिस्टर आले. घड्याळवाल्याने विकले, मेळ्यातल्या फिरत्या दुकानांनी विकले. चौथ्या बोटाचा उद्या येणारा आला होता. हा मात्र त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्या पावसाळ्यात तापाने गेला. त्याच्या घराला कुलूप लागलं आणि सेट आत राहिला.

संध्याकाळी कौतिकाबाईने कुठूनतरी ती सतरंजी आणून ओट्यावर घातली. माणसं येऊन बसली, ऐकायला काही नव्हतं. तेवढ्यात समोरचा सायकलवाला त्याच्या दुकानातून बाहेर आला. हातात नवा सेट. त्याने रस्ता ओलांडला, या ओट्याची पायरी चढला, सेट माठाशेजारी ठेवला आणि लावला. तिथे बसलेल्यांपैकी कोणी कधी रेडिओ घेणार नव्हतं, हे त्याच्यासारख्या दुकानदाराला कळत नव्हतं असं नाही.

याचा अर्थ मला आजही लावता येत नाही. त्याने लावला असता. हात खिडकीतून आत घालून, बोटं पसरून, रांग खोळंबवून, मी वैतागेपर्यंत समजावून सांगितला असता, आणि मी ऐकलं असतं.