दीक्षाची सावड

दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असा दीक्षाचा धंदा. पुण्याची एक कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. ते नीट चालतं की नाही हे दीक्षा वसमतला बसून तपासते. नवरा प्रेमानंद हिंगोलीला बँकेत आहे. तो म्हणतो, हेच काम ती घरी फुकट करते. हा विनोद दीक्षाला आवडत नाही, कारण तो खरा आहे. पण स्वतःची एक चूक काही तिला लेकरू झाल्यापासून सापडली नव्हती, आणि ती काही बारीकसारीक नव्हती. चांगली बैलगाडीएवढी होती.

चूक अशी, की या बाईला कुणाची मदत घेताच येत नव्हती. शिरड शहापूरच्या सासरच्या घरातली ती पहिली इंजिनिअर सून. जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजवर बोलावून तिचा सत्कार केला, आणि कुणीतरी माइकवर बोलून गेलं, की आमच्या दीक्षाताईला सगळं जमतं. टाळ्या पडल्या. झालं! बाई जी हरभऱ्याच्या झाडावर चढली ती चढलीच. खाली उतरायला कुणी सांगितलं नाही, आणि आपण होऊन उतरेल ती दीक्षा कसली.

मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका अडत्याच्या दुकानावर तिघींनी मिळून खोली घेतली होती. दीक्षा, राणी आणि साधना. तिघींच्या कंपन्या वेगळ्या, तिघींची कामं कॉम्प्युटरवरची, आणि तिघींची लेकरं अजून नीट बोलतही नव्हती. मधोमध प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडं टेबलं, पलीकडं गोधड्या, झोळी आणि चावून चोथा झालेली खेळणी. साधनाचं माहेर कनेरगाव नाक्याकडचं, शेळ्या-मेंढ्या आणि शेतीवाल्यांचं. तिनं गावाकडची सावड सरळ उचलून इथं आणली. आज तण निंदायला सगळ्या तुझ्या वावरात, उद्या सगळ्या माझ्या वावरात. तसंच इथं एकीची मीटिंग असली की दुसरी तिचं लेकरू घेणार, मग हिची पाळी आली की तिनं घ्यायचं.

दीक्षा सगळ्यांची लेकरं घ्यायची. मागून घ्यायची. स्वतःचा सुमेध मात्र मांडीवरून खाली ठेवायची नाही. तो माझ्याशिवाय कुणाकडं राहतच नाही, असं ती सांगायची, आणि सांगताना चेहरा असा करायची की जणू मोठा त्रासच आहे. मनातून मात्र खूश. एकदा सुमेधनं कीबोर्डवर दोन्ही हात आपटून भलतंच काहीतरी टाइप केलं आणि तो मजकूर तसाच चुकांच्या रिपोर्टमधून पुण्याला गेला. तिथल्या बिचाऱ्या पोरानं दिवसभर डोकं खाजवलं आणि संध्याकाळी कळवलं, की ही चूक आमच्याकडं काही दिसत नाही. दीक्षानं उत्तर दिलं, आता मलाही दिसत नाही. वर त्या पोरानं तिचे आभार मानले, आणि तिनं ते घेतले.

मार्चमध्ये कंपनीचं फर्मान निघालं. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात यायचं. सूट फक्त टीम लीडना. लीडची एक जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी दीक्षाचं नाव पुढं होतं. गुरुवारी दुपारी मोठ्या गिऱ्हाइकापुढं तिनं सगळं काम मांडायचं, त्यावरून ठरणार. जागा मिळाली तर वसमत, नाही तर नोकरीला रामराम. प्रेमानंदची नोकरी हिंगोलीत, लेकरू अंगावर पिणारं, आणि पुण्याला बिऱ्हाड करायचं कुणाच्या भरवशावर?

तर त्या गुरुवारी सुमेधला दाढा येऊन राहिल्या होत्या. सकाळपासून किरकिर. सासूबाई रुक्माबाई येणार होत्या, पण शिरडला हळद शिजायला लागलेली. कढई सोडून कशी येऊ, असा त्यांचा फोन आला. प्रेमानंद म्हणाला, मी सुट्टी टाकतो. दीक्षा त्यालाही नको म्हणाली. तिच्याकडं योजना होती. लेकराला पोटभर वरणभात चारायचा, झोळीत टाकायचं, झोका द्यायचा आणि ते झोपलं की बोलायला सुरुवात करायची. योजना एकदम बराबर होती. फक्त सुमेधला कुणी सांगितली नव्हती.

मीटिंग तोंडावर आली तेव्हा दीक्षाच्या एका मांडीवर रडका सुमेध आणि दुसऱ्या मांडीवर साधनाची पोरगी, कारण नेहमीप्रमाणं तिनं तीही घेतलेली. साधना म्हणाली, दे त्याला इकडं. दीक्षा म्हणाली, न्हाई गं, जमतंय मला.

साधनानं वाकून आपली पोरगी उचलली.

"आजपासून ही बी तुझ्याकडं न्हाई," ती म्हणाली. "एकटीच देत राहिली तर ती सावड न्हाई, मेहेरबानी व्हती. आमी तुझ्या मेहेरबानीवर बसलो न्हाई, दीक्षा."

आणि पोरीला घेऊन पलीकडं निघून गेली. राणीनं मान खाली घालून आपलं काम चालू ठेवलं, आणि तेच जास्त लागलं. दीक्षाला आधी राग आला. इतकं करूनही हे ऐकायचं? मग साधनाचं बोलणं खोटं कुठं आहे ते तिला शोधून सापडेना. चुका शोधायचा पगार घेणारी बाई, पण एक चूक निघाली नाही.

मीटिंग सुरू झाली. चार वाक्यं बरी गेली. पाचव्याला सुमेधनं असा टाहो फोडला की खाली मोंढ्यातल्या हमालानं वर पाहिलं असेल. दीक्षानं आपला माइक बंद केला. पडद्यावर पुण्याचे सगळे चेहरे तिच्याकडं बघत होते. काही अडचण आहे का, कंपनीच्या मॅडमनी विचारलं. नेटवर्क, हे उत्तर जिभेवर आलंच होतं. वर्षभर तिनं वसमतच्या नेटवर्कला इतक्या शिव्या खायला लावल्या होत्या की त्याच्यात जीव असता तर त्यानं तिच्यावर केस केली असती.

आज मात्र हातानं 'एक मिनिट' अशी खूण करून ती उठली. लेकराला कडेवर घेऊन पार्टिशनच्या पलीकडं गेली. साधना भिंतीला टेकून बसली होती. आता ही नाही म्हणाली तर? म्हणायचा तिला हक्क होता. सत्काराच्या दिवशी स्टेजवर चढणं दीक्षाला यापेक्षा सोपं गेलं होतं.

"घेतीस का याला?" ती म्हणाली. "मला एकटीला न्हाई व्हत."

साधनानं दोन्ही हात पुढं केले.

टेबलाशी परत येऊन दीक्षानं सांगून टाकलं, लेकरू रडत होतं, मैत्रिणीकडं देऊन आले. आता काय काय ऐकावं लागतंय, असं तिला वाटलं. मॅडम म्हणाल्या, बरं केलंत, पुढं चला. बस. एवढंच. वर्षभर जे लपवायला तिनं रक्ताचं पाणी केलं, ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

आणि पलीकडून तर चिडीचूप. बोलता बोलता तिचा एक कान तिकडंच. रडत कसा नाही हा? थोडं तरी रडावं की नाही माणसानं, आईची काही इज्जत? तिला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. मग त्या रागातच तिनं सगळं काम असं ठासून मांडलं, की गिऱ्हाइकानं एकही शंका काढली नाही.

संपल्यावर ती दबकत आत गेली. जो कुणाकडंच राहत नाही तो साधनाच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि तिच्या ब्लाउजवर लाळेचा हा एवढा डाग. दीक्षा त्याला घ्यायला वाकली तर साधनानं राहू दे म्हणून मान हलवली. राणीनं पुढं ठेचा-भाकरीचा डबा सरकवला. किती दिवसांनी दीक्षा दोन्ही हात मोकळे ठेवून जेवायला बसली, आणि घास मोडताना तिचे डोळे भरून आले. ठेच्याचा ठसका लागला म्हणून सांगायला जागा होती. तिनं नाही सांगितलं.

जेवण उरकायच्या आत मॅडमचा फोन आला. जागा मिळाली. मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, पण लेकरू उठलं असतं, म्हणून तिघींनी तो आनंद कुजबुजत साजरा केला.

"उद्या दुपारी माझी मीटिंग हाय," साधना हळूच म्हणाली. "पोरीला घेशील दोन तास?"

दिवसभर राहू दे की, आणि राणीचंही दे, असं दीक्षाच्या अगदी ओठांवर आलं. तिनं घासाबरोबर ते गिळलं.

"दोन तास घेते," ती म्हणाली. "आन सोमवारी तू याला घे."