आधी प्लग दाखवा

मखमलाबादच्या एका फूलवाल्या मावशींना गेल्या सोमवारी, सकाळी नऊ वाजता, एका मोठ्या गॅरेजने फसवलं. त्यांची मोपेड चढावर बंद पडत होती. गॅरेजवाल्याने एक स्क्रूही न उघडता सांगितलं, "इंजिन गेलं. आठ दिवस गाडी ठेवून जा." तोडलेला झेंडू आठ दिवस थांबतो का? हा आळस नाही, लूट आहे.

मी मावशींना पंचवटीतल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेलं. हा माणूस आधी गाडीकडे नाही, गाडीवाल्याकडे बघतो. "नीट आठवा" हे त्याचं पालुपद. त्याने इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढला. टोकावर काजळीचा थर होता.

"मावशी, फुलांवर ओलं गोणपाट टाकता ना? नीट आठवा, कुठवर लोंबतं?"

"हे इथवर." मावशींचं बोट थेट एअर फिल्टरवर टेकलं.

"मग इंजिन श्वास कसा घेणार? हवा कमी, पेट्रोल जास्त. काजळी धरणारच."

"मंग नवा प्लग टाक ना भाऊ."

"नाय टाकणार. हाच चांगला हाय." त्याने ब्रश मावशींच्याच हातात दिला. "घासा. परत यासाठी माझ्याकडं यायचं नाय."

मावशींनी प्लग घासला, त्याने फिल्टर वाळवून बसवला, गोणपाट वर बांधलं. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

स्वतःचं गिऱ्हाईक असं घालवणारा माणूस मला पुरता समजत नाही, पण पटतो.

तुम्हीही गाडी गॅरेजमध्ये सोडण्याआधी प्लग काढायला लावा. तो हातात घ्या, काळा का झाला ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.