लोणी, नारळ आणि मावशीचं गाणं

रिटायर झाल्यावर मी अमेरिकेच्या नादाला लागले. राहते मार्कहॅमला, पासपोर्ट कॅनडाचा, माहेर अलिबागकडचं, आणि सकाळचा चहा झाला की आयपॅड उघडून बघते काय, तर अमेरिकेतल्या बायका पूर्वी घरी साबण कसा करायच्या! माझी लेक इथल्याच, म्हणजे कॅनडातल्या केंब्रिजला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. ती फोनवर म्हणते, "मॉम, वी लिव्ह इन कॅनडा. व्हाय अमेरिका?" मी म्हणते, "फुकट आहे म्हणून."

तिकडच्या एका मोठ्या ग्रंथालयानं जुना खजिना इंटरनेटवर सगळ्यांना खुला करून ठेवलाय. त्यात पुढाऱ्यांची भाषणं आणि लढायांचे नकाशे आहेतच, पण ते मी सरळ बाजूला सारते. मला बघायचे असतात गाडीत बसून सिनेमा बघण्याच्या मैदानांचे फोटो, नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांवरची चित्रं. दोरीवरच्या उड्या मारताना पोरी म्हणायच्या ती गाणी ऐकायची असतात. कुणाची तरी आत्या ओसरीवर बसून भुताची गोष्ट सांगते आणि मध्येच कुत्र्याला हाड म्हणते. तेसुद्धा टेपवर आहे! कुणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन त्या माणसांच्या दारात गेलं आणि म्हणालं, बोला, आम्ही ऐकतो. या गोष्टीचं मला भारी अप्रूप वाटतं.

त्यातूनच माझ्या डोक्यात मावशीचं खूळ शिरलं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. काका गेल्यापासून आमच्याकडेच असते. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले मराठी ज्यू. नवस फिटला, नवं घर झालं, की आमच्यात मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, वेलची, भरपूर ओला नारळ आणि सोबत फळं. मलिद्याचा नारळ खोवताना आमच्या आजोळी बायका एक गाणं म्हणायच्या. ते दुसरीकडे कुठे मी ऐकलं नाही. आई गेली, मोठी मामी गेली, आता ते येणारी एकटी मावशी उरली. आणि मावशी हल्ली चहा पिऊन कप खाली ठेवते न ठेवते तोच विचारते, "आज चहा नाय का गो?"

तेवढ्यात लेकीनं केंब्रिजला टाऊनहाऊस घेतलं. मलिदा करायचं ठरलं, आणि मला एकदम घाई सुटली. मलिद्याआधी ते गाणं टेप झालंच पाहिजे. मावशीनंतर ते या जगात कुणालाच येणार नव्हतं, मलासुद्धा नाही.

मी अगदी शास्त्रशुद्ध तयारी केली. वरची बेडरूम निवडली, दार-खिडक्या बंद केल्या, हीटिंगची घरघर नको म्हणून तेही बंद केलं. थंडीनं मावशीची बोटं गारठली, तिला शाल दिली. फोन उशीवर ठेवला. म्हटलं, "हं मावशी, म्हण."

"काय म्हणू?"

"नारळाचं गाणं."

तिनं फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कुठनं सुरू होतं गो ते?" मला पहिली ओळ अर्धीमुर्धी ठाऊक होती, ती सांगितली. तिनं ती शाळेतल्या पोरीसारखी म्हणून दाखवली आणि थांबली. पुढचं काहीच येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं, तेच. शेवटी मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेलं गो. आयचं गाणं होतं, घालवून बसले मी."

मला स्वतःचाच असा राग आला! कशाला त्या बिचारीला छळलं? हीटिंग लावलं, तिला आल्याचा चहा दिला, आणि म्हटलं, मरो ते रेकॉर्डिंग.

मग नेहमीप्रमाणे आयपॅडवरून अमेरिकेत गेले. त्या दिवशी डोंगराळ भागातल्या एका बाईचं गाणं हाती लागलं. आवाज काही गोड नव्हता, आणि मागून सारखं धप-धप, धप-धप. आधी वाटलं टेप खराब आहे. खाली लिहिलेलं वाचलं, तर बाई लोणी काढत होती. लाकडी नळकांड्यात दांडा वर-खाली करत घुसळायचं आणि त्या ठोक्यावर गायचं. मध्येच धप-धप थांबलं, आणि गाणंही अडखळून थांबलं. बाई स्वतःशीच काही पुटपुटली. पुन्हा धप-धप सुरू झालं तशी पुढची ओळ आपसूक आली.

मी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, नारळ कुठाय? मी मावशीकडे गाणं मागत होते आणि तिचे हात शालीत गुंडाळून ठेवले होते!

गेली कित्येक वर्षं आम्ही ग्रोसरीतून खोवलेल्या नारळाची फ्रोझन पाकिटं आणतो. मावशीची विळी बेसमेंटमध्ये जुन्या लुगड्यात गुंडाळून पडलेली. ती काढली, घासली. तमिळ दुकानातून शेंडीचे नारळ आणले. मागच्या दाराच्या पायरीवर हातोडीनं फोडायला बसले, तर शेजारीण फावड्यानं बर्फ शोव्हल करायची थांबून बघतच राहिली. निम्मं पाणी बर्फात सांडलं.

मावशीचे गुडघे खाली बसू देत नाहीत. म्हणून विळी कॉफी टेबलावर ठेवली आणि पाट मी दोन्ही हातांनी दाबून धरला. फोन सोफ्याच्या हातावर ठेवला, गुपचूप. गाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त नारळाची कवड हातात दिली आणि म्हटलं, "मावशी, मला नीट जमत नाही. जरा खोवून दे."

"तुला कधी काय जमलंय?" म्हणाली, आणि कवड खवणीला लावली. खरर, खरर. मनगट आपोआप फिरायला लागलं. अर्धी कवड झाली असेल नसेल, आणि ती गायला लागली.

नारळ आला गो तांबड्या वाटेनं,
दार उघडा गो लेकीच्या घराचं,
आधी पाणी द्या, मग नाव इचारा...

पुढे किती तरी कडवी. मी पाट दाबून बसले होते आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मध्येच, "पाट हलवू नकोस गो, मेले!" हेही टेपवर आलंय.

लेकीला पाठवलं. तिचा लगेच फोन. "मॉम, इट्स ब्यूटिफुल! ती खरखर मी रिमूव्ह करू शकते." म्हटलं, खबरदार! त्या खरखरीला हात लावलास तर बघ. मग तिला लोणीवाल्या बाईचं गाणं पाठवलं. त्यानंतर अमेरिकेवरून तिनं मला चिडवलेलं नाही.

मलिद्याच्या दिवशी केंब्रिजच्या त्या नव्या स्वयंपाकघरात लेक विळी घेऊन जमिनीवर बसली. येता-जाता गाडीत ऐकून तिनं गाणं पाठ केलं होतं, मला पत्ता नाही! खोवता खोवता म्हणायला लागली, उच्चार सगळे केंब्रिजचे. मावशी खुर्चीवर बसून ऐकत होती.

"आधी नाव इचारा, मग पाणी द्या," लेक गायली.

"चुकलीस," मावशी म्हणाली. "आधी पाणी. दारात आलेल्याला आधी नाव इचारतात काय? कुणी शिकवलं गो तुला?"

"आजी, तूच."

एरवी इंग्रजीतच उत्तरं देणारी माझी लेक मराठीत बोलली होती. मावशी तिच्याकडे बघत राहिली. तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं, हे मला दिसत होतं.

लेक उठली. हात धुतले, ग्लासभर पाणी आणून आजीच्या हातात दिलं. मावशी सावकाश सगळं प्यायली, तिनं ग्लास खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"हं. आता सांग, कुणाची गो तू?"

लेकीनं स्वतःचं नाव सांगितलं, मग माझं, मग माझ्या आईचं.

"म्हणजे आमचीच की," मावशी म्हणाली, आणि ताटातली दुसरी कवड उचलून तिच्यापुढे धरली. "मग थांबलीस कशाला? खोव."