सगळ्या विद्यापीठांत जेवलेले काका

ओसाका आणि आसपासच्या यच्चयावत विद्यापीठांत जेवलेला, पण त्यांतल्या एकातही न शिकलेला माणूस जगात एकच आहे, आणि तो आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायचा. आम्ही चौथ्यावर. सगळी मराठी मंडळी त्यांना नुसतं काका म्हणायची. त्यांचा मुलगा शिकून केव्हाच कॅनडात मार्गी लागला होता, तेव्हा विद्यापीठांशी त्यांचा काही संबंध उरायचं कारण नव्हतं. पण दर उन्हाळ्यात इथली विद्यापीठं बारावीच्या मुलांना आणि पालकांना बोलावून आपलं आवार दाखवतात. त्याला ओपन कॅम्पस म्हणतात. आपण लग्नसराईत कार्यालयं गाठतो तसे काका हे ओपन कॅम्पस गाठायचे, कधीकधी एका रविवारी दोन.

आत शिरताना फॉर्मवर 'विद्यार्थी' आणि 'पालक' एवढ्या दोनच चौकटी असतात. काका पालक. कुणाचे, ते त्या दिवशी बरोबर कोण आहे त्यावर. अशी अकरा मुलं त्यांनी फिरवून आणली. एके ठिकाणी स्वागताच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना सलग चौथ्या वर्षी चौथ्या आडनावाच्या मुलाबरोबर पाहिलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून अभिवादन केलं. काकांनीही तितकंच वाकून ते स्वीकारलं. तिथे फुकट मिळणारे कागदी पंखे ते घरी आणत. काकूंच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याखाली एकेक विद्यापीठ होतं.

व्याख्यानं, प्रयोगशाळा वगैरेंकडे ते मुलाला एकट्याला पाठवायचे आणि स्वतः थेट कँटीन गाठायचे. ट्रेमध्ये करी-राईस घ्यायचा, खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची जुनी बाटली काढायची, आणि त्या बाटलीत काकूंनी भरून दिलेला ठेचा समोर बसेल त्याला देऊ करायचा. एकदा एका प्राध्यापकांनी शिष्टाचार म्हणून चमचाभर घेतला, तीन ग्लास पाणी प्यायले आणि डोळे पुसत म्हणाले, की हा अनुभव जन्मभर लक्षात राहील. काकांनी त्यांना अजून थोडा वाढला. जेवण झालं की ते छोटी वही काढून काहीतरी लिहीत बसत. निकाल संध्याकाळी लिफ्टमध्ये जाहीर व्हायचा. "लॅब उत्तम आहेत, पण भात गिचका. विचार करा." मुलांच्या आयुष्याचा प्रश्न हा गृहस्थ भातावर सोडवतो म्हणून मी घरी येऊन चिडायचो. बायको म्हणायची, "चिडू नका. जुईच्या वेळी तुम्हीच त्यांच्या दारात उभे राहाल."

तसंच झालं. जुई, म्हणजे आमची मुलगी, दहाव्या वर्षी इथे आली. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं, आणि त्यासाठी हवं ते विद्यापीठ घरापासून दोन स्टेशनांवर होतं. तिथे परदेशी कुटुंबांतल्या मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असत. नेमक्या तिच्या वर्षी त्यांनी त्या बंद केल्या. आता सगळ्यांना एकच परीक्षा. सराव परीक्षेत जुईला बी श्रेणी होती, म्हणजे त्या एका परीक्षेतूनही तिला प्रवेश मिळण्याची चांगली आशा होती. तरी तिनं यादीतून ते नाव खोडलं. ओळखीतल्या आणखी दोन मुलींनीही खोडलं. त्यांचेही गुण पुरेसे होते. अशा जागा अजून शिल्लक असलेल्या दूरच्या एका कॉलेजकडे त्या दोघी वळल्या, आणि जुईही तिथलाच फॉर्म घेऊन बसली. त्या कॉलेजात आर्किटेक्चर नव्हतंच.

"अगं, पण तुला मार्क आहेत," मी म्हणालो.

"मो ई, बाबा." पुरे झालं, असं जपानीत म्हणाली. मग मराठीत आली. ती फार दुखावली की मराठीत येते. "त्यांनी आमच्या सीट्स काढून टाकल्या. म्हणजे आम्ही त्यांना नकोय. मग मी एक्झाम देऊन तिकडे कशाला जाऊ?"

मी दोन मजले चढून काकांची बेल वाजवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी जेवून येऊ."

रविवारी काका, जुई आणि मी त्याच विद्यापीठाच्या ओपन कॅम्पसला गेलो. दारातच काकांनी एका स्वयंसेवक मुलाला आपल्या जपानीत विचारलं, "गेल्या वर्षी इथे आमच्या मुलांना माहिती देणारं एक टेबल होतं. ते कुठे आहे?" तो मुलगा धावत जाऊन आणखी दोघांना घेऊन आला. तिघांनी मिळून मनापासून माफी मागितली. टेबल नव्हतं.

कँटीनमध्ये जुईनं काही खाल्लं नाही. काकांनी करी-राईस संपवून वही काढली, तेव्हा ती वाकून बघायला लागली. मीही पाहिलं. इतकी वर्षं मी तिला भाताची वही समजत होतो. भात होताच, करीही होती. तिसऱ्या रकान्यावर लिहिलं होतं, 'एकटे'.

"म्हणजे काय, काका?"

"एकटी जेवणारी मुलं." इथे भिंतीकडे तोंड आणि दोन्ही बाजूंना फळी अशा एकेकट्याच्या जागा मुद्दाम केलेल्या असतात. तिकडे पेन दाखवत ते म्हणाले, "ते हौशी. त्यांना मी धरत नाही."

मग काकांनी, भाताबद्दल बोलावं तितक्याच सपाट आवाजात, आपली गोष्ट सांगितली. "मी पुण्याला इंजिनिअरिंगला राखीव जागेवरून आलो. मार्क ओपनलासुद्धा पुरले असते. पण मेसमध्ये पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, कुठल्या यादीतून आलास? मी ताट उचललं आणि कोपऱ्यात गेलो. दीड वर्ष तिथेच जेवलो. मग एकाला माझ्या डब्यातल्या ठेच्याचा वास आला. थोडा दे म्हणाला, आणि समोर बसला."

"मग मी इथला फॉर्म भरू का नको?" जुईनं विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. आज अठरा आहेत," काका म्हणाले आणि आकडा लिहिला.

तिनं बाटली पुढे ओढली, थोडा ठेचा चाटून पाहिला, खोकली, आणि करी-राईस आणायला उठली. फॉर्म तिनं दुसऱ्या दिवशी भरला.

ती पास झाली. त्याच महिन्यात काकांचं नोकरीचं काँट्रॅक्ट संपलं आणि दोघं पुण्याला परत गेली. काकूंनी जाताना जुईला बरणीभर ठेचा दिला, काकांनी ती बाटली. एप्रिलमध्ये जुईचं विद्यापीठ सुरू झालं, तेव्हापासून रोज दुपारी काकांचा तिला मेसेज यायचा, "किती?" टेबलावर किती जण, एवढंच. तिचं उत्तर, "एक." त्या दोन मुली असत्या तर पहिल्याच दिवशी तीन झाले असते, हे मला रोज वाटायचं आणि मी तिला म्हणायचो नाही. पूर्ण एप्रिल एक. मे महिनाही जवळजवळ एकच. आपणच तिला तिकडे ढकललं, असं वाटून मला दुपारचा डबा जात नसे.

जूनमध्ये एकदा ती घरी आली, बाटली धुऊन ओट्यावर पालथी घातली आणि फोन माझ्यापुढे धरला. तिनं लिहिलं होतं, "चार. ठेचा संपला." खाली काकांचं उत्तर होतं, "भात कसा आहे?"

मला एकदम त्यांच्याशी बोलावंसं वाटलं. फोन करायचं न सुचता मी लिफ्टमध्ये शिरलो आणि सहाचं बटण दाबलं. दार उघडल्यावर लक्षात आलं, की तिथे आता दुसरंच कुणी राहतं. मग जिन्यानं खाली आलो.