पिकअपचे हरवलेले किलोमीटर

मुंगी आपल्याशी खोटं बोलत असेल का, हा विचार तिच्या आईच्या मनातून काही केल्या जाईना. कपडे वाळत घालताना, दुकानाची फरशी पुसताना, गिऱ्हाइकाशी हसून बोलतानासुद्धा तो मध्येच डोकं वर काढायचा.

मुंगी हे काही लेकीचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती सतत स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत घरभर फिरायची. कधी उशी, कधी बापाचे बूट, एकदा तर अख्खी खुर्ची. तेव्हा बापानेच ते नाव ठेवलं. आता ती तिशीला टेकली होती आणि डोक्याहून उंच काचा लोकांच्या घरी बसवत फिरत होती, त्यामुळे नाव बदलायचं कुणाला सुचलंही नाही.

दुकान काचेचं. बाप काचा कापायचा, लेक त्या नेऊन बसवायची. पूर्वी नेण्याचं कामही बापच करायचा. मग डोंगरावरच्या एका वळणावर त्याची जुनी पिकअप घसरली आणि त्याचा पाय गुडघ्यात कायमचा आखडला. गाडी लेकीच्या हाती आली, तेव्हा आईने तिच्याकडून एकच शब्द घेतला होता. डोंगराच्या रस्त्याने काच न्यायची नाही, पलीकडच्या लोकांनी कितीही गळ घातली तरी नाही.

"बरं," मुंगी म्हणाली होती. तिच्या 'बरं'मधून काय समजायचं, हे आईला कधीच नीट कळलं नव्हतं.

नवी पिकअप आईनेच निवडली. कॉलेजात तिने भौतिकशास्त्र घेतलेलं, त्यामुळे गाडीचं माहितीपत्रक तिने परीक्षेला बसल्यासारखं वाचलं. गाडी माइल्ड हायब्रिड होती. नुसत्या बॅटरीवर ती धावत नाही, पण ब्रेक दाबल्यावर फुकट जाणारी ताकद एका लहानशा जादा बॅटरीत साठवते आणि निघताना तीच इंजिनाच्या मदतीला येते. सिग्नलला उभं राहिलं की इंजिन आपणहून बंद, निघायच्या वेळी आपणहून चालू. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे लिटरला पंधरा किलोमीटर.

आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. टाकी भराभर रिकामी होत होती. मुंगीची कामं मात्र, तिच्या सांगण्याप्रमाणे, सगळी गावातली. आईने मनातल्या मनात गुणाकार करून पाहिला. जेवढं डिझेल जात होतं त्यावर गाडी जितकी धावायला हवी, त्यातला चक्क तिसरा हिस्सा बेपत्ता होता. हे हरवलेले किलोमीटर गेले कुठे? आईच्या हिशेबाने ते डोंगराकडेच जात होते. मग डोळ्यांसमोर ते वळण यायचं.

गाडीतला किलोमीटरचा आकडा पाहिला असता तर क्षणात उलगडा झाला असता. पण त्यासाठी किल्ली मागायला हवी, आणि किल्ली मागायची म्हणजे संशय उघडा पाडायचा. शिवाय आकडा भलताच निघाला तर काय, याचीही धास्ती होतीच.

"अहो, ही गाडी डिझेल पिते की सांडते?" तिने नवऱ्याला विचारलं.

तो काचेवर पट्टी धरून वाकला होता. "काचा वाहते ती, कापूस नव्हे."

"वजन धरलं तरी इतकं जात नाही."

"तू तिची आई आहेस की परीक्षक?"

"दोन्ही."

"मग जा एक दिवस तिच्याबरोबर. माझं डोकं नको खाऊस, हात हलला तर काच वाकडी जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पर्स घेऊन गाडीपाशी उभी राहिली. "आज मी येते तुझ्याबरोबर."

"का गं?"

"सहज."

"तुझं सहज मला चांगलं ठाऊक आहे. बस. पण उगाच पाय दाबत राहू नकोस, त्या बाजूला ब्रेक नाही."

मागे केबिनपेक्षा उंच लोखंडी चौकट होती. तिला तिरक्या टेकवलेल्या काचा, मध्ये रबर, वरून आवळलेले पट्टे. मुंगीने गाडी चालू केली आणि सगळ्यात आधी गिअरशेजारचं एक बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर किलोमीटरचा आकडा तोवर उजळलाच होता. आईने तो वाचला. पुन्हा वाचला. मुंगी जेवढं सांगत आली होती, गाडी तेवढीच धावली होती. डोंगर त्यात कुठे बसतच नव्हता.

आईने सीटला पाठ टेकली. कित्येक दिवसांत तिची पाठ अशी टेकली नव्हती.

"झालं समाधान?" रस्त्यावरची नजर न काढता मुंगी म्हणाली.

"कसलं?"

"मी डोंगरावर जाते का, तेच बघत होतीस ना? सरळ विचारायचंस की."

"तू नुसतं 'बरं' म्हणाली होतीस."

"बरं म्हणजे बरं. आणखी काय स्टँपपेपर देऊ?"

तेवढ्यात फोन वाजला. मुंगीने तो स्पीकरवर घेतला. डोंगरापलीकडचा एक बांधकामवाला होता. नव्या दवाखान्याच्या खिडक्या करायच्या होत्या आणि काम त्याला मुंगीकडूनच हवं होतं.

"त्या बाजूला मी येत नाही," मुंगी म्हणाली.

"दर वेळी हेच सांगता, ताई. कारण तरी कळू दे."

"गाडी चढत नाही."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "धडधाकट गाडी आहे, म्हणे चढत नाही."

"मग काय सांगू त्याला, आई रागावते?"

पुढे सिग्नल लागला. गाडी थांबली, पण इंजिन घुरघुरतच राहिलं. दुसऱ्या सिग्नललाही तेच. आता मात्र आईला राहवेना.

"इंजिन बंद कसं होत नाही गं?"

"मी निघताना बटण दाबते ना, बंद होऊ नये म्हणून."

"अगं, बंद व्हावं म्हणूनच तर ही गाडी घेतली."

"बाबांच्या जुन्या गाडीत इंजिन बंद पडून चालू झालं की असा गचका बसायचा, मागे काचांचे दात वाजायचे. काच भरली की आधी बटण, मग बाकीचं. ही गाडी आली त्याच दिवशी बाबांनी शिकवलंय."

"या गाडीची मोटार इंजिन अलगद फिरवते. माहितीपत्रकात लिहिलंय—"

"माहितीपत्रकाला काच वाहायची नसते, आई."

तरी पुढच्या सिग्नलच्या आधी तिने बटण पुन्हा दाबून ती सोय चालू केली, आणि लिटरमागच्या सरासरीचा आकडाही शून्यावर आणला. गाडी उभी राहिली. इंजिन शांत झालं. दोघींनी श्वास रोखून मागे कान लावले. हिरवा दिवा लागला, इंजिन चालू झालं, गाडी निघाली.

"वाजल्या?" आईने विचारलं.

"नाही." मुंगीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "म्हणजे इतके महिने मी उगाचच?"

"उगाचच."

दोघींना हसू आवरेना. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तेव्हा कुठे मुंगीने वेग घेतला.

मग इतर गळत्याही सापडल्या. गिऱ्हाईक खाली येईपर्यंत मुंगी एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसायची. ती उंच चौकट तर मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याला शिडासारखी अडवायची. कंपनीने चाचणी घेतली असेल ती चौकटीविना, काचांविना.

"आता पंधरा देईल का गं?" मुंगीने विचारलं.

"पंधरा विसर. बारा दिले तरी पुष्कळ."

दुपारी दोघी दुकानापाशी परतल्या तेव्हा पडद्यावर बाराच्या जरा वर आकडा होता. आईला उतरवून, उरलेल्या काचा घेऊन मुंगी पुढच्या कामाला गेली.

आई पायरीवर उभी राहून गाडी वळेपर्यंत पाहत राहिली. सकाळपासून ती लेकीचं गाडी चालवणंच बघत होती. मुंगी ब्रेक लांबूनच हलकेच धरायची. मागे कुणी झोपलेलं बाळ असावं, तशी वळण घ्यायची. आखडल्या पायाचा बाप आत काच कापत होता. अपघाताच्या दिवशीची त्याची घाई आणि पावसाने ओला झालेला रस्ता आईला आठवला. तो अपघात लेकीचा नव्हता. तरी त्याची शिक्षा तीच भोगत होती, वर गाडीला नावं ठेवून आईला झाकत होती.

"चेहरा उजळलाय," नवरा आतून म्हणाला. "सापडले का किलोमीटर?"

"हरवलेच नव्हते हो."

तिने गल्ल्याशेजारचा फोन उचलला. शब्द तिने मागून घेतला होता, तेव्हा मोकळाही तिनेच करायला हवा. दवाखान्याचं काम घे म्हणून सांगायचं. उजेडात जा, रस्ता कोरडा असेल तेव्हाच जा, हेही सांगायचं. आणि पोचलीस की कळव, हे सांगितल्यावाचून तिला राहवणार नव्हतं.

मुंगी गाडी चालवत असेल, म्हणून ती जरा थांबली. काम संपवून ती गिऱ्हाइकाच्या घरून खाली उतरेल त्या सुमाराला करायचं ठरवून फोन तिने हातातच धरून ठेवला.