वांग्याचं औषध

माझ्या परसबागेतल्या वांग्यांवर माझ्यापेक्षा अळीचा हक्क जास्त. शेंडे माना टाकतात, आणि फळ कापलं की आतली अळी 'कोण पाहिजे?' अशा नजरेनं बघते. त्यावर मी निंबोळ्या ठेचून, भिजवून अर्क करते आणि घरात त्याला रुबाबात 'औषध' म्हणते. नवऱ्याचं मत वेगळं. "तुझ्या औषधानं अळ्या मरत नाहीत, नाक मुरडतात."

घाटंजीकडे आमची शेती बघणारे माझे धाकटे दीर मुक्कामाला आले होते. सकाळी निघताना गाडीवरूनच म्हणाले, "वहिनी, काल सांजच्याले तुमच्या वांग्यायले औषध मारून देल्लं बरं." मला भरूनच आलं. या घरात माझ्या अर्काला पहिल्यांदाच कोणी मान दिला होता.

लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. तिला माझ्या हातची भरली वांगी खायची होती. मी कोवळी वांगी तोडली, नळाखाली धुतली, शेंगदाणे-तीळ भाजून मसाला भरला. भाजी उतरवते न उतरवते तोच तिनं वाटीत एक वांगं घेतलं आणि अर्धं संपवलं.

"मीठ कमी आहे, आई."

"घाल मग," म्हणत मी फवाऱ्याचा पंप धुवायला न्हाणीत गेले. पंप गळ्यापर्यंत भरलेला. मी अर्क भरून ठेवला होता, तसाच.

म्हणजे भाऊजींनी दुसरंच काही मारलं होतं. दिरांना फोन लावला.

"भाऊजी, कोणतं औषध मारलं?"

"आपलं पराटीचं. डिक्कीतल्या बाटलीत उरलं होतं थोडंसं, बादलीत कालवून शिंपलं. काहून?"

कपाशीवरचं. मी धावत जाऊन लेकीच्या हातातली वाटी हिसकावली आणि म्हणाले, "थुंक." गिळलेलं कुठून थुंकणार ती? माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी बाटलीचा फोटो मागवला. दिरांनी पाठवला. लेबलवर लाल त्रिकोण, जहाल विषाची खूण. तो बघून डॉक्टरांनी लगेच नर्सला हाक मारली, आणि मला ती घाईच सगळ्यात भयंकर वाटली. लेकीला सलाईन लागली. कोणी ना कोणी येऊन तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघायचं. मी कोपऱ्यात उभी. साडीला अजून मसाल्याचा वास.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाळाचे ठोके आम्हालाही ऐकवले. धडधड, धडधड. "पोटात फार गेलं नाही. दोघंही ठीक आहेत, पण आज इथंच राहू द्या." तेव्हा कुठे मी स्टुलावर बसले, तेही अर्धी बाहेर.

दीर अर्ध्या वाटेतून परत आले होते आणि दुपारपासून खोलीच्या दारातच उभे होते. दिवसभर त्यांच्यासाठी साठवलेले शब्द मी आता काढणार, तेवढ्यात तेच बोलले.

"वहिनी, खरं सांगतो, डोक्यातच नाही आलं. आमी मारतो पराटीवर. पराटी कोणी खाते का?"

कापूस खरंच कोणी खात नाही. कॉटवरून लेक म्हणाली, "काका, मले भूक लागली. खिचडी आणा घरून, साधी."

"आत्ता आणतो, बाई." त्यांचा जीव भांड्यात पडला. "डाळ तं आपल्या वावरातलीच हाये, घरच्या तुरीची."

दाराबाहेर दोन पावलं गेले आणि थांबले. वळून माझ्याकडे बघितलं. तुरीवरची फवारणीही तेच करतात.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "नुसता भात आणू काय?"